बाबांची वीत

१२ ऑक्टोबर

बारक्या,

आईला पत्र लिहितोस तेव्हा वर ‘प्रिय आई’ असतं आणि खाली ‘तुझा बारक्या’. मधल्या आठ-दहा ओळी मी तिला मोठ्याने वाचून दाखवते, कारण तिला आता अक्षर दिसत नाही. अकरा वर्षं झाली, त्या ओळींत ‘ताई कशी आहे’ एवढंही कधी आलं नाही. मग मीच अधूनमधून ‘ताईला सांग, तब्येत जप’ असं पदरचं घालून वाचते. आई नुसतं ‘हं’ म्हणते. तिला कळतं की नाही, कोण जाणे.

तर हे माझं स्वतःचं पत्र. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. आपल्या दोघांत विस्तव जात नाही असं गल्लीत म्हणतात. चुली बांधणाऱ्याच्या घरात विस्तव जात नाही म्हणजे धंदाच बसला की रे.

कारण सांगते. आईची छाती गेल्या थंडीपासून धरलेली आहे. डॉक्टरीणबाईंनी परवा नळी लावून पाहिलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की ही थंडी तिला काढायची असेल तर खोली उबदार हवी आणि धूर अजिबात नको. दोन्हींतलं एक चुकलं तर मला विचारायला येऊ नका, असंही म्हणाल्या. फटकळ बाई आहेत, पण खोटं बोलत नाहीत. आणि त्याच आठवड्यात वखारवाल्याने सांगितलं की यंदा दर घरामागे निम्मंच सरपण. माझी चूल खाते किती ते तुला ठाऊक आहे. निम्म्या लाकडात ती स्वयंपाक करील नाहीतर खोली तापवील, दोन्ही करणार नाही.

म्हणून मी माळ्यावर चढले आणि तुझी पत्र्याची पेटी उघडली. कुलूप तोडलं. रागाव हवं तर.

वर वह्या होत्या, त्याखाली तुझा तो काचेचा तापमापक, चिंधीत गुंडाळलेला. आणि तळाशी घडी घातलेला खाकी कागद. त्यावर आपल्या स्वयंपाकघराचं चित्र आहे. चूल तूच बांधलेली, आच भिंतीत मुरू नये म्हणून आत राखेचा थर ठासलेली. पण धूर सरळ धुराड्यात जात नाही. तो आईच्या खाटेकडच्या भिंतीला लागून एका लांब, बुटक्या ओट्याच्या पोटातून जातो, टोकाशी वळतो, परत येतो आणि मग वर चढतो. ओट्यावर तुझ्या मुंगीच्या अक्षरात लिहिलंय, ‘आईची जागा’. कोपऱ्यात तारीख आहे. सरकारी ऑफिसची माणसं तुझी चूल तपासायला आली त्याच्या नऊ दिवस आधीची.

त्या दिवसाबद्दल मी आज काही लिहिणार नाही. हा ओटा मी बांधतेय एवढंच कळवायचं होतं. परवानगी मागत नाहीये.

ताई

२४ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण माती तुडवताना दुसऱ्या कुणाशी बोलू? शेजारच्या शिंपीणबाई येऊन बसतात, पण त्यांना सगळं कापडात समजतं. मला म्हणाल्या, ओट्याला अस्तर कुठून लावणार?

जुनी चूल पाडली. आई आणि मी सध्या शिंपीणबाईंच्या घरी जेवतो. माती चाळली, भुसा मिसळला, पाणी घातलं आणि साडी खोचून उतरले त्यात. साठीला टेकले मी, तरी पाय विसरलेले नाहीत. बाबा सांगायचे, माती टाचेला चिकटली तर पाणी जास्त झालं, बोटांच्या बेचक्यांत शिरली तर बरोबर. तू पाच वर्षांचा असताना त्या चिखलात तोंडावर पडलास आणि उठून म्हणालास, ‘पाणी बरोबर आहे बाबा.’ बाबांनी महिनाभर दर घरी ती गोष्ट सांगितली.

किती घरं फिरलो रे आपण त्यांच्यामागे. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, त्यातल्या निम्म्या आपल्याच हातच्या असायच्या. आणि त्यांचा तो नियम, चूल बांधून झाली की पहिलं पाणी उकळेपर्यंत घर सोडायचं नाही. परक्यांच्या स्वयंपाकघरात आपण तिघं रांगेत उभे, आणि घरची बाई भांड्याकडे बघायचं सोडून आपल्याकडेच बघतेय. पहिला बुडबुडा वर आला की बाबा टोपी घालायचे. तेवढ्यावरून बाईला कळायचं की काम झालं.

घरी आल्यावर आपण चुलीच्या भिंतीला पाठ लावून बसायचो, आई, मी आणि मध्ये तू. बाबा समोर पाय पसरून घोरत असायचे. मी तुला पाढे म्हणायला लावायची आणि तू नखं खायचास. आईने बोटांना कडू औषध लावलं, तर आठ दिवसांत तुला त्याची चटक लागली. बाबा गेल्यावरही आई तिथेच बसायची. मला वाटतं, तिला त्या भिंतीची ऊब म्हणजे त्यांची सोबत वाटायची. तिने असं कधी म्हटलं नाही, मीच म्हणतेय.

मग तू शिकून आलास. आईला समोर बसवून सांगितलंस की शंभर लाकडं जाळलीस तर त्यातली दहा पाण्याला लागतात आणि उरलेली नव्वद धुराड्यातून आकाशाला, नाहीतर भिंतीला. आई हळूच म्हणाली, ‘भिंतीला जातात ती माझ्या पाठीला लागतात रे.’ मला वाटलं तू ऐकलं नाहीस. तुझी चूल झाली, पाणी चोवीसच्या जागी अकरा काटक्यांत उकळलं आणि भिंत राहिली गार. आई तुझ्यासमोर छान छान म्हणाली आणि तुझी पाठ वळल्यावर शाल पांघरून कोपऱ्यात बसली.

परीक्षेच्या दिवशी ऑफिसची माणसं वजनकाटा घेऊन आली, तेव्हा त्याच चुलीला बावीस काटक्या लागल्या. का लागल्या, देव जाणे. तू विसावी काटकी बघितलीस आणि उठून चालायला लागलास. पहिलं पाणी उकळायच्या आत घर सोडणारा आपल्या घरातला तू पहिलाच.

एक विचारते. ओटा सहा विती लांब का काढलास? आई आता केवढीशी उरलीय, तीन विती तिला पुष्कळ. विटा कमी पडतायत म्हणून विचारलं. पण काढलाय तसाच बांधते.

ताई

१ नोव्हेंबर

बारक्या,

चूल पेटवली आणि घरभर धूर झाला. म्हणजे थोडाथोडका नाही. धुराने ओट्याच्या तोंडाशी जाऊन बघितलं आणि त्याला काही ते पसंत पडलं नाही, तसाच मागे फिरून चुलीच्या तोंडातून बाहेर आला. मी झडप उघडली, धुराड्यात कागद पेटवून टाकला, फुंकणीने फुंकून डोळे बाहेर यायची वेळ आली. नाही ते नाहीच. आईला शिंपीणबाईंकडे ठेवायला हवं होतं. पण ती म्हणाली की पहिलं पाणी मी बघणार. दार उघडून तिला अंगणात नेईपर्यंत खोकल्याने तिचा जीव अर्धा झाला. डॉक्टरीणबाई आल्या. मला काय काय बोलल्या ते लिहीत नाही, सगळं खरं होतं.

तुझं चित्र चुकलंय. मी तीन वेळा मोजलं. ओट्याचं पोट दीड वीत रुंद, एक वीत उंच, वळणाशी अर्धी वीत जास्त. तू लिहिलंस तसं तंतोतंत केलं. कागदावर रेघा ओढायला काय जातं? धुराला कागद वाचता येत नाही. बावीस काटक्यांच्या दिवशीही तुझं गणित

हे वाक्य मी पुरं करणार नाही. खोडतही नाही. रागात होते, तू ओळखतोस मला.

आई झोपलीय. तिच्या छातीतून मांजरासारखा आवाज येतोय. बाहेर आज पहिल्यांदा बोटं गारठली.

ताई

४ नोव्हेंबर

बारक्या,

चित्र बरोबर आहे. चूक माझी आहे, आणि ती आईने खाटेवर पडल्या पडल्या काढली.

मी तिला सांगत होते की दीड वीत म्हणजे दीड वीत, त्यात काय चुकणार. ती डोळे मिटूनच म्हणाली, “कुणाच्या वितीने बांधलंस?”

मी हात पसरून बघत बसले.

या घरात वीत एकच होती, बाबांची. तू घरच्यासाठी काढलेलं चित्र, इंच कशाला लिहिशील? आणि मी शहाणी, माझ्या हाताने मोजत सुटले. एरवी ते चालतं. इतकी वर्षं मी माझ्याच वितीने चुली बांधतेय. सगळंच त्या मानाने लहान होतं, आणि चूल आपली नीट चालते. पण या वेळी धुराड्याचा नळ आणि चुलीचं दार लोखंडी, तुझ्या वेळचंच, बाबांच्या मापाने घेतलेलं. आग त्या मापाची आणि धुराला वाट माझ्या मापाची. तो अडणारच.

बाबांच्या हातची एखादी चूल मोजून घ्यावी म्हणून दोन दिवस गल्लोगल्ली फिरले. एक नाही उरली. कुठे गॅस आला, कुठे घरच नवं झालं, आणि बाकीच्या मीच पाडून माझ्या वितीने बांधल्या. स्वतःच्या हाताने पुसून टाकलं म्हण ना.

उरली ती काठी. आजोबांची, वितीच्या, अर्ध्या वितीच्या आणि पाव वितीच्या खाचा पाडलेली. जाताना तू कपड्यांबरोबर एवढी एकच वस्तू नेलीस. तेव्हा मी दारात उभी राहून ओरडले होते की आता काय परमुलखात चुली बांधणार आहेस, काठी कशाला हवी? ते ओरडणं काठीसाठी नव्हतंच फारसं.

आठवतं तुला तो दिवस? तू सतरा वर्षांचा, शाळेच्या सुट्टीत घरी आलेला. बाबांनी दोघांना बोलावलं आणि म्हणाले, हात ठेवा. काठी ज्याच्या हाताला बसेल त्याची, त्यांच्या वडिलांनीही तसंच ठरवलं होतं. मी ताणून ताणून हात पसरला, तळव्याला कळ आली, तरी करंगळी खाचेपासून बोटभर अलीकडेच राहिली. तू हात ठेवलास तो नुसता टेकवला. बरोब्बर बसला. बाबा खुशीत हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण रे बारक्या, बारा वर्षं त्यांच्यामागे विटा मी वाहिल्या होत्या. माझ्या केसांतली राख न्हाल्यावरही जायची नाही. आणि काठी मिळाली ती मातीत पडणाऱ्याला, कशासाठी, तर त्याचा पंजा मोठा म्हणून.

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. काठी पाठव. पाठवायची नसेल तर त्या वितीचे इंच किती तेवढं कळव. आईसाठी मागतेय.

ताई

१६ नोव्हेंबर

बारक्या,

बारा दिवस झाले. पोस्टमन आता मला लांबूनच हाताने नाही म्हणून सांगतो, म्हणजे त्याची पायपीट वाचते. ओटा तसाच अर्धा पाडलेला आहे. आईच्या खाटेखाली मी निखाऱ्यांची शेगडी ठेवते, खिडकी किलकिली ठेवून, आणि दर तासाला उठून बघते. गार वारा आत येतो आणि ऊब बाहेर जाते. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं चाललंय.

तू काठी का पाठवावीस? मी तुझ्या जागी असते तर मीही पाठवली नसती. म्हणून आधी जे द्यायचं ते देते.

का लागल्या बावीस काटक्या, देव जाणे, असं मी लिहिलं होतं. देवाबरोबर मीही जाणत होते.

ऑफिसची माणसं यायच्या चार दिवस आधी, तू त्यांना आणायची व्यवस्था करायला गेला होतास, तेव्हा मी तुझ्या चुलीच्या मागच्या दोन विटा काढल्या. आतली चाळलेली राख पळीने ओढून काढली, तीन पाट्या भरल्या. विटा परत बसवल्या, लिंपलं, वरून पोतेरं फिरवलं. माझं काम किती साफ असतं ते तुला माहीत आहे. तुला शिवण दिसली नाही. आईची भिंत पुन्हा तापायला लागली आणि तुझी चूल पुन्हा पहिल्यासारखी लाकडं खायला लागली.

परीक्षेच्या दिवशी मी पाहुण्यांना चहा देत होते. बाराव्या काटकीला तू घड्याळ बघितलंस. पंधराव्याला तुझे ओठ पांढरे पडले. हातात चार कप होते, एक शब्द बोलले असते तर पुरला असता. साहेब, थांबा, हिच्यातली राख मी काढलीय. एवढंच. तू चुलीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलंस आणि मी काय म्हणाले? ‘बाबांच्या चुलीला हात लावायला नको होतास.’ दोनशे घरांत तुझी चूल लागायची होती, तुला ऑफिसात जागा मिळायची होती. त्याऐवजी तू आज कुठल्याशा धुलाईच्या कारखान्यात परक्यांच्या चादरींसाठी पाणी तापवतोस.

मी स्वतःला सांगत आले की आईच्या पाठीसाठी केलं. ते खरं आहे. पण आईच्या पाठीसाठी तुला सांगून करता आलं असतं. परीक्षेनंतर करता आलं असतं. त्या रात्री परत आल्यावर तू दुसऱ्या दिवशी वह्या पसरून चूक शोधत बसलास, दोन दिवस जेवला नाहीस, तेव्हा तरी सांगता आलं असतं. मला तुझं गणित चुकलेलं बघायचं होतं. काठी ज्याच्या हाताला बसते त्यालाही जमत नाही, एवढं मला एकदा बघायचं होतं. बघितलं. अकरा वर्षं पुरलंय.

काल हे सगळं आईला सांगितलं. म्हटलं, ती हात उगारील, निदान रडेल. ती म्हणाली, “मला माहीत होतं. तू राख काढलीस त्या संध्याकाळीच माझी पाठ शेकायला लागली. मला ऊब हवी होती गं. म्हणून गप्प बसले.”

म्हणजे एकट्या माझ्यावर राग धरून भागणार नाही तुझं. पण तिला काही बोलू नकोस. सगळं माझ्या नावावर मांड.

काठी नाही पाठवलीस तरी चालेल. हे पत्र पोचलं, एवढं कळव.

ताई

२ डिसेंबर

बारक्या,

तुझं पाकीट शनिवारी आलं. पोस्टमनने सायकल आडवी टाकली आणि पळत आणून दिलं. त्यालाही आता या प्रकरणात गोडी लागलीय.

मी ते तासभर उघडलं नाही. पातळ होतं, काठी नव्हती हे हाताला कळलं. शेवटी शिंपीणबाईंनी कात्रीने कड कापून दिली आणि शहाण्या बाईसारख्या घरी गेल्या.

खाकी कागदावर तुझा पंजा. पसरलेला, पेन्सिल दाबून काढलेला, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक रेघ. आणि खाली एवढीच ओळ, ‘काठी पहिल्याच थंडीत जाळली. हात आहे.’

मी आधी हसले. खूप हसले. चुलीतलं लाकूड वाचवायला निघालेला माणूस, आणि त्याच्याकडे लाकूड नाही म्हणून आजोबांची मोजकाठी जाळतो. मग मला तुझी ती पहिली खोली दिसली, जी मी कधी बघितलेली नाही. तू काठी गुडघ्यावर मोडतोयस तेही दिसलं. मग हसता आलं नाही. किती वेळ पुरली रे ती? एवढीशी तर होती.

आईने कागद मागितला. तिला दिसत नाही, पण तू पेन्सिल एवढी दाबलीस की कागदाला चर पडलाय. तिने बोटाने सगळा पंजा फिरून बघितला, प्रत्येक बोटाचं टोक दोनदोनदा. मी म्हटलं, बाबांचाच हात आहे, हुबेहूब. ती म्हणाली, “त्यांचा कसला? नखं खायची अजून सोडली नाहीत मेल्याने.”

आणि कागद छातीशी धरून रडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मीही लाज सोडून रडले.

शिंपीणबाईंनी फीत लावली. तुझी वीत पावणेदहा इंच भरली, माझी सव्वाआठ. त्या म्हणाल्या, एवढ्या फरकात तर बाहीच फाटते. मी काही फीत वापरत नाहीये. कागद पुठ्ठ्यावर चिकटवलाय, बोटांच्या कडेने कापलाय, आणि तोच मांडून मांडून ओटा पुन्हा बांधतेय. एका हाताने लिंपते, दुसऱ्या हातात तुझा हात असतो. परवा वळणाशी पोचले. माती ओली आहे, अजून तीन दिवस थांबावं लागेल. आई रोज विचारते, वाळलं का.

ताई

१३ डिसेंबर

बारक्या,

आज सकाळी पेटवली.

आईला या वेळी मी अंगणातच बसवलं होतं, गोधडीत गुंडाळून. धूर ओट्याच्या तोंडाशी गेला, क्षणभर थबकला.  मग आतून ‘हूं’ असा आवाज आला, बाबा म्हणायचे ना चूल हुंकार देते, तसाच, आणि सगळा धूर आत ओढला गेला. मी पळत बाहेर जाऊन वर बघितलं. धुराड्याच्या टोकाला जेमतेम काही होतं. आत आले तर खोलीत धुराचा वासही नाही. मग आईला आणलं. पहिलं पाणी तेरा काटक्यांत उकळलं. तुझं अकराचं माप मोडलं नाही मी, दोन काटक्या ओट्यासाठी गेल्या. बुडबुडा वर आला तेव्हा काय करावं सुचेना. मग बाबांची टोपी खुंटीवरून काढली आणि आईच्या डोक्यावर घातली.

ती ओट्यावर बसली. पाठ भिंतीला, पाय पोटाशी.  अर्ध्या तासाने पाय सरळ केले. डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या, नळी लावली, मग ओट्यावर तळवा ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि विचारलं, हे कुणाचं डोकं? मी म्हटलं, माझ्या भावाचं. त्या म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या आईसाठी असा एक बांधायचाय. आता सांग तूच, कुणाच्या वितीने बांधू?

आईचा खोकला आहेच अजून. पण दुपारी ती पाठ टेकून झोपली आणि दोन तास छातीतलं मांजर गप्प होतं.

आता शेवटचं. हे मी पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं आणि तोंडातून निघालं नाही.

चित्रात ओट्यावर ‘आईची जागा’ लिहिलंय हे मी तुला कळवलं. खोटं नव्हतं, अर्धं होतं. ओट्यावर तू तीन खुणा केल्या आहेस, दोन दोन वितींवर. पहिलीवर लिहिलंय आईची जागा. शेवटचीवर ताईची जागा. आणि मधलीवर नुसतं ‘मी’. सहा विती का, असं मी तुला विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. मला ते तुझ्याकडून ऐकायचं होतं. आईचं ते भिंतीचं बोलणं तू ऐकलं होतंस, नऊ दिवस आधी उत्तरही काढून ठेवलं होतंस, आणि त्यात माझी पाठही धरली होतीस. मी राख काढली तेव्हा ते चित्र तुझ्या पेटीत होतं रे. परीक्षा झाली की बांधणार असशील.

त्या जागेवर बसायला मला आज संध्याकाळपर्यंत धीर होत नव्हता. आईने हाताने ओटा थोपटला, तेव्हा बसले. पाठीला अशी ऊब लागली की किती तरी वेळ उठवेना. मध्ये दोन विती रिकाम्या होत्या. मी आईला म्हटलं, इकडे सरक, मधे जास्त तापलंय. ती सरकली नाही.

हे पत्र मी तिथेच बसून लिहितेय. आई घोरतेय, टोपी डोळ्यांवर आलीय. एवढी नीट चूल बांधलीस तू, पण तिच्यात अजून एक खोट आहे आणि ती मला दुरुस्त करता येत नाही. तीन माणसांची ऊब होते आणि माणसं दोनच आहेत. रोज तेवढं सरपण फुकट जाळतेय मी. तुझ्यासारख्याला हे पटतं का?

ये.

ताई